तागडीचे उसने वजन

मी एक जुनी औषधाची तागडी आहे. मला विकत आणले पणजोबांनी, माझी निगा राखली आजोबांनी, आणि माझ्यावर शेवटची पुडी तोलली ती अक्काने. अक्का म्हणजे आजोबांची थोरली मुलगी. जिची हकिकत मी आज सांगणार आहे ती या तिघांची वारस, अक्काची लेक. लहानपणी ती औषधाच्या कागदी पुड्या बांधायला बसे आणि स्वतःही तेवढीच इवलीशी दिसे, म्हणून सारी गल्ली तिला पुडी म्हणू लागली. आता तिने चाळिशी ओलांडली, पण नाव काही सुटले नाही. मित्रांनो, आधी घराण्याचा परिचय आणि मागून गाऱ्हाणे, अशी माझ्या काळची रीत होती. ती मी मोडणार नाही. तुम्हीही पाठ ताठ करून बसा. माझ्यासमोर पोक काढून बसलेले मला चालत नाही.

माझा जन्म एका पितळकाम करणाऱ्या कारागिराच्या हातून झाला. त्याने माझी दोन्ही पारडी घासून घासून अशी एकसारखी केली की एक झाकावे आणि दुसरे काढावे. दांडीच्या मधोमध सुईसारखा काटा बसवला. काळ्या लाकडाची पेटी केली, तिच्यात निळी मखमल अंथरली आणि मखमलीत प्रत्येक वजनासाठी एकेक खळगा केला. मधल्या दोन खळग्यांत दोन जुळी वजने होती, तुमच्या अंगठ्याच्या नखाएवढी. जुळी कशाला, असे तुम्ही विचाराल. तोलताना कधी एक लागते, कधी दोन्ही लागतात, म्हणून. ही जुळी लक्षात ठेवा. पुढे विचारणार आहे.

माझ्या वजनांना बोट लावायचे नसते. ती चिमट्याने उचलायची. बोटांचा मळ चिकटला की वजन खोटे बोलू लागते. हा झाला माझा नियम. पणजोबांचा नियम याहून कडक होता. ते म्हणत, "तोलणारा हात आणि गिळणारा घसा एकाच माणसाचा असू नये." याचा अर्थ असा की आमच्या फडताळातले औषध आमच्या घरात जायचे नाही. दुकानदाराला ताप आला तर त्याने डॉक्टरांची चिठ्ठी घ्यावी, नाक्यावरच्या दुसऱ्या दुकानात जावे आणि तिथल्या माणसाने मोजून दिलेले औषध घ्यावे. नाक्यावरचा दुकानदार आजारी पडला की तो आमच्याकडे येई. पणजोबा साध्या पडशासाठी भर उन्हात नाक्यापर्यंत चालत निघाले की गल्लीतले लोक हसत. "घरची विहीर सोडून शेजाऱ्याच्या नळावर तोंड धुवायला निघाले बघा!" पणजोबा या कानाने ऐकत आणि त्या कानाने सोडून देत. माणूस स्वतःला तोलायला बसला की पारड्यावर नकळत बोट टेकवतो, हे त्यांना पुरते ठाऊक होते.

मी पिढ्यान्‌पिढ्या राबले. दुकानात कितीही गलका असला तरी माझा काटा स्थिर होईपर्यंत कुणी ब्र काढीत नसे. तान्ह्या बाळाची चिमूटभर पूड मी तोलली, पैलवानाचे चूर्ण तोलले, सावकाराचेही तोलले आणि त्याच्या गड्याचेही, आणि कुणाच्याही पुढे केसभर झुकले नाही. "तागडीने सांगितलं ना? मग झालं," असे लोक म्हणत. असा मान तुमच्या आजकालच्या चमचमत्या यंत्रांना मिळतो का, ते तुम्हीच बघा.

अक्काच्या हाती दुकान आल्यानंतरची गोष्ट. समोरच्या माडीवर शाळेतल्या गणिताच्या बाई राहत. त्यांचे एकुलते एक मूल तापाने गेले. बाईंनी शाळेत जाणे सोडले, बोलणे सोडले, केस विंचरणेही सोडले. डॉक्टरांनी त्यांना मनाला आधार देणारे औषध लिहून दिले. रोज एक पुडी, कित्येक आठवडे. बाई चिठ्ठी घेऊन आल्या तेव्हा त्यांच्या दोन पायांत दोन वेगळ्या चपला होत्या.

"सगळ्या पुड्या आजच देता का, अक्का?"

"एवढी कसली घाई?"

"घाई नाही. रोज कोण जिना उतरणार? एकदाच काय ते..."

अक्काने चिठ्ठी बाजूला ठेवली आणि बाईंच्या डोळ्यांत पाहिले. मग आयुष्यात कधी खोटे न बोललेल्या अक्काने धडधडीत थाप मारली.

"ही पूड तोलून ठेवली की नासते. रोज सकाळी यायचं, ताजी घ्यायची, आणि इथेच माझ्यासमोर पाण्याबरोबर घ्यायची." एवढे बोलून तिने माझ्या पेटीतून एक जुळे वजन उचलले, चिमट्याने नव्हे, चक्क बोटांनी, आणि बाईंच्या तळहातावर ठेवले. "आणि हे तुमच्याकडे असू द्या. दुकानात पोरंटोरं हात घालतात, हरवेल. उद्या सकाळी आठवणीने आणा. हे नसलं की माझी तागडी अडून बसते. तुमचीच काय, कुणाचीच पुडी तोलता येणार नाही. एखाद्या आईचं तापलेलं पोर औषधावाचून ताटकळेल, सांगून ठेवते."

"अक्का, हे कसलं ओझं गळ्यात बांधता माझ्या?"

"चिमणीलाही जड होणार नाही. न्या मुकाट्याने."

मला कुणी विचारले असते तर मी साफ नकार दिला असता. पेटीतले वजन उंबऱ्याबाहेर गेले म्हणजे घरातले माणूसच गेले की. पण बाई दुसऱ्या दिवशी आल्या. त्यांना स्वतःसाठी उठायचे नव्हते, परंतु दुसऱ्या कुणाचे पोर आपल्यापायी अडेल, ही गोष्ट त्यांना पडून राहू देईना. त्या तिसऱ्या दिवशी आल्या, चौथ्या दिवशी आल्या. अक्का त्यांच्यादेखत ते वजन माझ्या पारड्यात टाकी, पुडी तोली, ती घशाखाली उतरली की नाही ते पाही, आणि वजन पुन्हा त्यांच्या मुठीत देई. थंडी सरली, ऊन तापू लागले. एके सकाळी बाई केस विंचरून आल्या. पुढे डॉक्टरांनी बेताबेताने औषध थांबवले आणि बाई शाळेत जाऊ लागल्या. त्या दिवशी त्यांनी वजन अक्कासमोर ठेवले.

"घ्या. सांभाळलं तुमचं."

"राहू द्या. कधी खरी गरज पडली तर आणून द्याल."

"म्हणजे मी जन्माची देणेकरी!"

"असा की. देणेकरी माणूस असा मध्येच निघून जात नाही."

तेव्हापासून माझ्या मखमलीतला एक खळगा रिकामा राहिला.

त्यानंतर काळ बदलला. पूड गेली आणि तयार गोळ्यांची चंदेरी पाकिटे आली. कारखान्यात मोजलेले औषध दुकानात कोण तोलणार? मला काचेच्या कपाटात बसवले. कपाटावर किल्ल्या, रबरी शिक्के, कुणाची तरी विसरलेली छत्री असले सटरफटर येऊन पडू लागले. एका आगाऊ कार्ट्याने विचारले, "ही खेळण्यातली आहे का?" मी उत्तर दिले नाही. पण मित्रांनो, मी सारे पाहत होते. बसवून ठेवलेली म्हातारी आंधळी असते असे तुम्हाला वाटत असेल, तर तो तुमचा भ्रम आहे.

मग ती साथ आली. शाळा बंद झाल्या, बाजार बंद झाले, बस बंद झाल्या. औषधाचे दुकान मात्र बंद करता येत नव्हते. आता दुकान पुडी चालवीत होती, आणि म्हातारी अक्का वरच्या मजल्यावर असे. पुडीने दारात दोरी बांधली, समोर जाड प्लास्टिकचा पडदा सोडला आणि तोंडाला मास्क लावून ती सकाळपासून उभी राहू लागली. दोरीपलीकडे लांबलचक रांग. नसलेली औषधे मागणारी माणसे ओरडत, रडत, तिलाच बोल लावीत. "लपवून ठेवलंस ना? ओळखीच्यांना देतेस ना?" ती सगळ्यांना एकच सांगे, "घाबरू नका, औषध मध्येच सोडू नका."

आणि अक्काला ताप आला. तिला रुग्णालयात नेले. तिथे कुणाला भेटू देत नव्हते. पुडी एका आजोबांना खोकल्याचे औषध देत असताना फोन वाजला. तिने ऐकून घेतले, "बरं" म्हणाली आणि फोन खाली ठेवला. मग त्या आजोबांना नीट समजावून सांगितले, "हे जेवणानंतर घ्यायचं, बाटली हलवून." ते गेल्यावर तिने दुकानाची फळी ओढून घेतली आणि जमिनीवर बसली. अक्का गेली होती. माझ्यावर शेवटची पुडी तोलणारा हात गेला, आणि त्या हाताचे शेवटचे दर्शन पोटच्या लेकीलाही झाले नाही.

त्या दिवसापासून पुडीच्या मनाने एकच गोष्ट धरली. "दिवसभर आजारी माणसांच्या हाताला हात लागतो तो माझा. जिना चढून वर जाते ती मी. म्हणजे आजार वर नेला तो मीच." ती हात धुई, पुन्हा धुई, कातडी सोलली तरी धुई. झोप उडाली. भूक मेली.

तिचा नवरा बसचालक. बस उभ्या, म्हणून तो घरी, आणि घरी म्हणून स्वयंपाक त्याच्याकडे आला होता. तो जेवणाचे ताट घेऊन खाली येई.

"मीठ फार झालंय," पुडी न चाखताच म्हणे.

"वळणावर जरा जास्त कलंडलं," तो म्हणे. पूर्वी अशा बोलण्यावर ती खळखळून हसली असती. आता ती घास बाजूला सारी, आणि तो ताट तसेच परत नेई. शेवटी त्यानेच हट्टाने तिला फोनवरून मनाच्या डॉक्टरीणबाईंशी बोलायला लावले.

डॉक्टरीणबाईंनी सगळे शांतपणे ऐकले आणि रोजची एक गोळी लिहून दिली. त्यांनी बजावले, "फरक पडायला काही आठवडे लागतील. तोवर धीर धरा, आपल्या मनाने बंद करू नका." किती सरळ गोष्ट! परंतु नाक्यावरचे दुकान त्याच सुमारास बंद पडले होते, तिथला मालकच अंथरुणाला खिळला होता. शिवाय पुडीला लाज वाटे.

"औषधवालीच मनाच्या गोळ्या खाते म्हणतील लोक," ती नवऱ्याला म्हणाली. "वेडीच्या हातून कोण औषध नेईल? दुकान बसेल पणजोबांचं."

"अगं, डोकं दुखलं तर गोळी घेतेसच ना?"

"ते वेगळं."

"कसं काय वेगळं?"

"तू बस चालव," ती म्हणाली, आणि तो बिचारा न चालणाऱ्या बसचा चालक जिना चढून गेला.

तिने आमच्याच फडताळातून पाकीट काढले. पणजोबांचा नियम माझ्या डोळ्यांदेखत मोडला. बरे, घेतले तर घेतले, निदान सांगितल्याप्रमाणे घ्यावे! पण थोडे दिवस गेले, फरक दिसेना, तेव्हा तिने ते पाकीट मागे ढकलून दिले. साऱ्या गल्लीला "मध्येच सोडू नका" म्हणून सांगणारी ही. आणि त्याऐवजी वरच्या कप्प्यातून झोपेच्या गोळ्या काढल्या. त्यांना ना चिठ्ठी, ना सल्ला. आधी एक, मग एकीने भागेना. तोलणारा हात तिचा, गिळणारा घसाही तिचाच. मध्ये रोखणारे तिसरे कुणी नाही. सकाळी ती फळी उघडे तेव्हा डोळ्यांवर झापड असे आणि बोटे जणू दुसऱ्याची असत. मित्रांनो, मी पितळेची आहे, पण त्या दिवसांत मला भीती काय असते ते कळले.

समोरच्या माडीवरच्या बाई आता फार म्हाताऱ्या झाल्या होत्या. त्यांना रक्तदाबाच्या गोळ्या लागत. त्या काठी टेकत दोरीपाशी आल्या, पुडीने पाकीट दिले, त्या वळल्या आणि थांबल्या. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी पाकीट डोळ्यांजवळ धरले.

"पुडे, काय दिलंस हे?"

"रक्तदाबाच्या तुमच्या. नेहमीच्या."

"मोठ्याने वाच."

पुडीने वाचले. त्या मधुमेहाच्या गोळ्या होत्या. बाईंनी त्या घेतल्या असत्या तर साखर उतरून त्या घरात एकट्या कोसळल्या असत्या.

"औषध देणं थांबव आधी," बाई म्हणाल्या. "आज माझ्याआधी कोण कोण येऊन गेलं, आठव. ड्रायव्हरसाहेब! जिना उतरा खाली! सायकल काढा!"

तो घरोघरी धावला आणि प्रत्येकाचे औषध तपासून आला. दैवाने बाकी सारे बरोबर निघाले. तोपर्यंत बाई दोरीपलीकडच्या बाकावर बसून होत्या.

"झोपेच्या गोळ्या किती घेतेस?"

"कोण म्हणालं तुम्हाला?"

"उभा जन्म पेंगणाऱ्या पोरांना गणित शिकवलंय मी. मला चकवतेस?"

तेव्हा पुडीचा बांध फुटला. "बाई, सकाळ झाली की वाटतं, का झाली? मला उद्या नकोच आहे. आईला मी..." पुढचे शब्द हुंदक्यात गेले. नवरा सायकल हातात धरून तसाच उभा राहिला.

बाईंनी तिला उगी केले नाही, उपदेशही केला नाही. त्या म्हणाल्या, "मलाही नको होता. याच बाकावर बसून नको होता." मग पिशवीच्या आतल्या कप्प्यातून त्यांनी काहीतरी काढले आणि दोरीवरून हात लांब करून गल्ल्यापुढच्या फळकुटावर ठेवले.

माझे वजन! इतक्या वर्षांनी! मी काचेआड नसते तर माझी दोन्ही पारडी वाजली असती.

मी तुम्हाला सांगितली ती सारी हकिकत बाईंनी त्या दिवशी पुडीला सांगितली. अक्काने ती कुणालाही सांगितली नव्हती, लेकीलाही नाही. दुसऱ्याचे औषध आणि दुसऱ्याचे दुःख यांची वाच्यता करायची नाही, हाही आमच्या घराण्याचा नियम.

मग बाईंच्या हुकमाप्रमाणे सगळे झाले. पुडीने सर्वांसमोर डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि काहीही न लपवता सांगितले. त्या रागावल्या नाहीत. झोपेच्या गोळ्या एकदम सोडू नका, मी सांगते तशा पायरीपायरीने कमी करा, आणि रोजची गोळी नव्याने सुरू करा, असे त्या म्हणाल्या. औषध ओळखून देण्याचे काम काही काळ दुसऱ्या कुणी करावे, असेही त्यांनी सांगितले. पुडीची मावसबहीण त्याच शिक्षणाची होती, ती गल्ल्यापाशी येऊन उभी राहू लागली. नवरा नवी चिठ्ठी घेऊन पुलापलीकडच्या दुकानात सायकल दामटत गेला. पुडीची सारी औषधे बाईंच्या ताब्यात गेली.

"माझ्याकडे राहिली तर काय बिघडलं?" नवऱ्याने विचारले.

"तुम्हाला ती बोलण्यात गुंडाळेल. मला गुंडाळणारा विद्यार्थी अजून जन्मायचा आहे." मग त्या पुडीकडे वळल्या. "रोज सकाळी मी येईन. माझ्यासमोर गोळी घ्यायची. आणि हे वजन तुझ्याकडे. उद्या सकाळी मला परत हवं."

"आता कशाला लागतं ते, बाई? तागडी बंद पडून किती वर्षं झाली."

बंद पडून! मी बंद पडलेली नाही. मला बसवून ठेवले आहे. हा फरक तुम्ही तरी ध्यानात घ्या.

"तागडीला नसेल लागत, मला लागतं," बाई म्हणाल्या. "एवढी म्हातारी जिना उतरून येणार, तिला रिकाम्या हाती पाठवशील?"

पुडीने वजन उचलले आणि सवयीने त्यावर जंतुनाशकाची फवारणी केली. पणजोबांनी हे पाहिले असते तर चिमटा फेकून मारला असता.

असे दिवस सुरू झाले. ते सोपे नव्हते. सुरुवातीला पुडीला मळमळे, हात थरथरत, झोप तर पार रुसली. "बाई, थोतांड आहे हे. काही उपयोग नाही," ती रोज म्हणे. डॉक्टरीणबाईंना कळवले की त्या धीर देत, कधी मात्रा बदलत. बाई नुसता हात पुढे करीत, "वजन?" ती वजन देई, गोळी घेई, वजन परत घेई. मला यातले एक गुपित ठाऊक आहे. पूड तोलताना कागद हलक्या हाताने टिचकावीत राहावे लागते. कण पडतो, पारडे हलत नाही. आणखी एक पडतो, तरी हलत नाही. नवखा माणूस म्हणतो, तागडी बिघडली. पण आधी पडलेला एकही कण वाया गेलेला नसतो. सगळे पारड्यातच असतात.

एके सकाळी बाई आल्या नाहीत.

पुडी वजन मुठीत धरून दोरीपाशी उभी राहिली. रांग लागली. तिने समोरच्या माडीकडे पाहिले, खिडकी बंद होती. एरवी ती कदाचित आत जाऊन पडली असती. गोळी चुकायला आयतेच निमित्त मिळाले होते. पण हातातली वस्तू दुसऱ्याची होती आणि ती सकाळी परत करायची होती. आई गेल्यापासून दुकान आणि जिना यांपलीकडे पाऊल न टाकलेल्या पुडीने दोरी उचलली आणि रस्ता ओलांडला.

"बाई! खिडकी उघडा! तुमचं वजन आणलंय!"

बऱ्याच वेळाने खिडकी किलकिली झाली. "वर येऊ नकोस. अंगात ताप आहे."

मी काचेतून पाहत होते. पुडी क्षणभर थिजली. आईच्या वेळची सगळी भीती तिच्या चेहऱ्यावर येऊन उभी राहिली. मग ती वळली, आणि इतक्या दिवसांत प्रथमच मी अक्काचा आवाज तिच्या तोंडून ऐकला. "टोपली आहे का? दोरी बांधून खाली सोडा! आणि मास्क लावा खिडकीत! अरे, तू डॉक्टरांना फोन लाव!" हे शेवटचे नवऱ्याला.

मग रोज सकाळी टोपली खाली येई. तिच्यात बाईंनी ठेवलेली पुडीची एक गोळी असे. टोपली वर जाई तेव्हा तिच्यात डॉक्टरांनी सांगितलेली बाईंची औषधे, नवऱ्याने रांधलेले जेवण आणि माझे वजन. बाई ते हातात घेऊन पाहत आणि पुन्हा खाली पाठवीत. "मीठ फार झालंय!" असा क्षीण आवाज एकदा खिडकीतून आला.

"वळणावर कलंडलं!" खालून पुडीनेच उत्तर दिले. आणि ती हसली. फार नाही, ओठांच्या कोपऱ्यात, पण हसली. नवरा वर पाहायचे सोडून तिच्याकडेच पाहत राहिला.

बाई उठल्या. सगळेच उठले नाहीत, मित्रांनो. त्या साथीत आमच्या गल्लीतली कितीतरी दारे कायमची मुकी झाली, आणि अक्काची खुर्ची आजही वर रिकामी आहे. मी तुम्हाला गोड खोटे सांगणार नाही. पुडीलाही अजून काही दिवस जड जातात. परंतु ती आता पुन्हा स्वतः औषधे देते, आणि तिची रोजची गोळी नाक्यावरच्या दुकानातून येते. त्या मालकाचा मुलगा तिथे बसू लागला आहे. ती गोळी ती लपून घेत नाही. गिऱ्हाईक समोर असले तरी पाण्याचा पेला उचलते. एकाने भुवया उंचावल्या तेव्हा म्हणाली, "मनाची आहे. तुमची गुडघ्याची, माझी मनाची. पुढे सरका, मागे रांग आहे." दुकान बसले नाही. उलट दोघीतिघी जणी हळू आवाजात तिला त्या डॉक्टरीणबाईंचा पत्ता विचारून गेल्या.

तेव्हा माझे एवढे ऐका. हाड मोडते, तसे मनही मोडते, आणि दोन्हींना औषध असते. ते लाजून टाळू नका. आपल्या मनाने सुरू करू नका आणि आपल्या मनाने सोडूही नका. आणि घरात कुणी उद्याला नको म्हणत असेल, मग ते तुम्ही असा की तुमची आई, तर ते मोठ्या माणसाला लगेच सांगा. नुसता धीर देऊ नका. त्याच्या हाती काहीतरी सोपवा आणि म्हणा, उद्या सकाळी मला हे परत हवे. आणि सकाळी खरोखर घ्यायला जा.

मागच्या आठवड्यात बाई काठी टेकत आल्या. दोरी आता निघाली आहे, त्या थेट आत आल्या. "काढ ती म्हातारी बाहेर," म्हणाल्या. म्हातारी म्हणजे मी. पुडीने कपाट उघडले, किल्ल्या आणि छत्री खाली ठेवली, मऊ फडक्याने माझी धूळ पुसली आणि मला फळकुटावर मांडले. बाईंनी वजन पुढे केले. पुडीने चिमटा घेतला, ते एका पारड्यात ठेवले आणि पेटीतून त्याचे जुळे काढून दुसऱ्यात ठेवले.

आता विचारते. जुळी का होती, ते सांगितले होते ना? मग एक वजन घरी गेले तर अक्काचे काम अडणार होते का?

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," बाई हसून म्हणाल्या. "पेटीत दुसरं दिसत होतं की! गणिताची मास्तरीण मी. शिवाय राहिलेल्या वजनांची बेरीज करून कुठलीही पुडी तोलता आली असती."

"मग तुम्ही आईला बोलला का नाहीत?"

"तिला माझी एवढी गरज पडली होती. तिचं मन मोडवेना."

माझा काटा हलला. तो मधोमध थांबला नाही. बाईंकडचे वजन केसभर हलके भरले, कारण इतकी वर्षे ते मुठीत धरून धरून झिजले होते. पुडीने चपापून बाईंकडे पाहिले. बाईंनी माझ्याकडे पाहिले.

"कमी भरलं," त्या हलकेच म्हणाल्या.

"नाही बाई," पुडी म्हणाली. "तेवढं माझ्या हाताला लागलंय." तिने चिमटा खाली ठेवला, वजन बोटांनी उचलले आणि रिकाम्या खळग्यात बसवले. "आईचं देणं फिटलं. सगळं."

मी जन्मभर कुणाला केसभराची सूट दिली नाही. त्या दिवशी मी हरकत घेतली नाही.